पगार विभागातलं मशीन

शकुनबाई मूळची आंधळगावची. वडिलांचा तांदळाचा लहानसा व्यापार होता. मॅट्रिक झाल्यावर लग्न जुळेपर्यंत घरी बसून काय करायचं, म्हणून तिला भंडाऱ्याला टायपिंग शिकायला घातलं. पोरीनं नोकरी करावी असं घरात कुणाच्याच मनात नव्हतं. लग्न सुखरामशी झालं. तो चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका खाजगी ट्रकवर ड्रायव्हर होता. पहिली काही वर्षं बरी गेली. मग त्याच्या उजव्या डोळ्याची नजर कमी होत होत गेली आणि लायसन गेलं. शहात्तर साली दोघं लहान पोरीला घेऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला आले. सुखरामनं हायवेच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि शकुनबाई शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली.

ती लागली ती मारोतरावांच्या शब्दावर. मारोतराव त्याच कारखान्यात पगार विभागाचे हेडक्लार्क, आणि आंधळगावचेच. शकुनबाई त्यांना काकाजी म्हणायची. आवक-जावक कशी लावायची, साहेबाच्या टिपणीतला मुद्दा कसा ओळखायचा, कुणाला चहाला बसवायचं आणि कुणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. कारखान्यातल्या एकूणएक मजुराचा ओव्हरटाइम त्यांना तोंडपाठ असायचा, पण म्हणून ते रजिस्टर उघडल्यावाचून राहत नसत.

सत्त्याऐंशी साली स्टोअरमध्ये पहिला कॉम्प्युटर आला. कारकुनांपैकी कुणी त्याच्या वाऱ्याला उभं राहिना. हे मशीन आज नटबोल्ट मोजेल आणि उद्या आपली माणसं मोजेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. शकुनबाईला टायपिंग येतं म्हणून मॅनेजरसाहेबांनी तिला त्याच्यासमोर बसवलं आणि आधी काही दिवस नागपूरला शिकायला पाठवलं. मशीन ज्याच्यावर चालतं त्या मूळ प्रोग्रामला युनिक्स म्हणत. सुरुवातीला तिला त्यातल्या आज्ञांचा अर्थ कळत नसे. कोणती आज्ञा दिली की काय होतं, एवढंच ती ध्यानात ठेवायची. वर्षभरात अर्थही कळू लागला. मशीन अडलं की नागपूरच्या कंपनीचा इंजिनीअर भोजराज एसटीनं यायचा. तिच्याशेजारी खुर्ची ओढून तो काय करतोय ते सांगत सांगत करायचा. ही त्याची सवयच होती, आणि तिला ती फार उपयोगी पडली.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर दुसरं मशीन आलं, ते पगार विभागासाठी. मारोतरावांच्या खोलीत त्यांच्या टेबलाच्या समोरच त्याला जागा केली. मशीन नुसतं रिकामं होतं. त्यात युनिक्स भरायचं होतं आणि त्यासाठी लागणारा टेप वाचणारा भाग वाटेतच मोडला होता. भोजराज म्हणाला, हरकत नाही, स्टोअरच्या मशीनमधून तारेवरून भरू. स्टोअरपासून पगार विभागापर्यंत काळी जाड तार आधीच टाकलेली होती. रिकामं मशीन चालू झालं की ते तारेवर हाक देतं: मी अमुक नंबरचं, मला कुणी ओळखतं का? तो नंबर त्याच्या आत बसवलेल्या कार्डाचा असतो. पहिल्या मशीनमध्ये ओळखीच्या नंबरांची यादी असते. नंबर जुळला तर ते उत्तर देतं आणि मग तारेवरून सगळं पाठवू लागतं.

पण उत्तर येईना. दुसरं मशीन पडद्यावर एकामागून एक टिंबं काढत बसायचं आणि शेवटी उत्तर नाही म्हणून थांबायचं. भोजराजला वाटलं, कार्डच खराब असेल. त्यानं बॅगेतलं दुसरं कार्ड काढून बसवलं. तरी तेच. दुसऱ्या दिवशी त्यानं मीटर लावून तार तपासली, तर माप चुकीचं आलं. शोधत शोधत गेला तेव्हा मारोतरावांच्या मागच्या लोखंडी कपाटाचा पाय तारेवर बसलेला सापडला. तार तिथं चेंबून आतून तुटली होती. दिवाळीआधी चुना मारताना ते कपाट सरकवलं होतं, हे सगळ्या ऑफिसनं पाहिलेलं होतं. भोजराजनं तार बदलली, माप बरोबर आलं. मशीन चालू केलं. पुन्हा टिंबं, पुन्हा थांबलं. एवढ्यात त्याला गोंदियाचं एक काम आलं आणि एक दिवसानं येतो म्हणून तो निघून गेला.

मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात मात्र कपाट पक्कं बसलं. मशीन चाललं की पगार विभागातली माणसं कमी होणार, हे त्यांनीच मीटिंगमध्ये सांगितलेलं. मग ते चालू नये असं कुणाला वाटणार? कपाट तुम्हीच तारेवर ठेवलं का, असं त्यांनी मारोतरावांना सगळ्यांच्या देखत विचारलं, आणि संध्याकाळी त्यांच्या हातात नोटीस दिली: कंपनीच्या मालाचं जाणून नुकसान केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये. मारोतरावांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली, आणि उरलेलं रजिस्टर पुरं करूनच घरी गेले.

पगार विभागातला धाकटा कारकून तुलाराम दुसऱ्या दिवशी सकाळीच शकुनबाईकडे आला. मशीन तसंच राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. चाललं नाही तर कंपनी कंटाळून परत पाठवेल आणि सगळ्यांच्या खुर्च्या वाचतील.

"अन् काकाजीच्या नोटीसचं काय?" तिनं विचारलं.

"ते पाहू मंग. युनियन हाये ना."

तुलाराम खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. शकुनबाईला तेही कळत होतं. मशीन बंद राहिलं तर काकाजी चोर ठरतात, आणि चाललं तर त्यांची खुर्ची जाते. ती उठून सरळ पगार विभागात गेली आणि काय करू म्हणून मारोतरावांनाच विचारलं.

त्यांनी रजिस्टर बाजूला सारलं. मग म्हणाले, "तार म्या तोडली नाही, हे तुले मालूम हाये. त्याईले नाही. तुह्याच्यानं होत असन तर पाह्य."

"चाललं तर मंग तुमचं..."

"ते मले समजते, शकुन. तू पाह्य."

तिनं गोंदियाला ट्रंक कॉल लावला. भोजराज ज्या ऑफिसात होता तिथून त्याला बोलावून आणायला वेळ लागला. तो ओरडून ओरडून बोलत होता. त्यानं सांगितलं की हाक ऐकणारा प्रोग्राम आता मागे गुपचूप चालतोय. तो बंद करून पडद्यावर समोर चालवा, म्हणजे तो जे ऐकेल ते लिहून दाखवेल. काहीच लिहिलं नाही तर तार अजून खराब आहे. काही लिहिलं तर मला वाचून दाखवा. आज्ञा त्यानं एकेक अक्षर सांगून दिली.

शकुनबाईनं स्टोअरच्या मशीनवर तसं केलं आणि तुलारामला दुसरं मशीन चालू करायला सांगितलं. तो कुरकुरत गेला, पण गेला. तिच्या पडद्यावर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग एक ओळ उमटली. पाठोपाठ दुसरी, तीच. हाक आली आहे, नंबर अमुक, हा नंबर यादीत नाही.

म्हणजे हाक येत होती. तार चांगली होती. तिनं यादी उघडली आणि तिच्यातला नंबर पडद्यावरच्या नंबराशी लावून पाहिला. पुढचा भाग सारखा होता, शेवटचा वेगळा. आधी तिला वाटलं, आपलंच वाचण्यात चुकतंय. तिनं तो पुन्हा बोट ठेवून वाचला. मग तिला भोजराजनं काढून ठेवलेल्या पहिल्या कार्डाची आठवण झाली. ते पगार विभागातल्या त्या लोखंडी कपाटावरच, त्याच्या खोक्यात होतं. त्याच्यावरच्या चिठ्ठीवर यादीतलाच नंबर होता.

तिनं पुन्हा फोन लावून दोन्ही नंबर वाचून दाखवले. पलीकडून भोजराजनं ते तिला पुन्हा एकदा वाचायला लावले.

"कार्ड मीच बदललं, बाई," तो म्हणाला. "अन् यादीत नवा नंबर टाकायचा राहून गेला. जुनं कार्ड चांगलंच असेल. तेव्हा तार तुटलेली होती, मला समजलं नाही. काल तार बदलली तेव्हा नंबर जुळेना. माझी चूक आहे."

तिनं नंबर बदलला. या वेळी टिंबं थांबली आणि दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर अक्षरं पळू लागली. थोडं पुढं जाऊन पुन्हा अडलं. पाठवायची फाइल जिथं असायला हवी तिथं नव्हती, ती भलत्याच ठिकाणी ठेवलेली होती. हे मात्र तिनं फोन न लावता शोधलं, कारण अडल्याचं कारण पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानंतर सगळं सुरळीत चाललं. दुपार कलेपर्यंत मशीन स्टोअरमधून भरून घेत राहिलं. मारोतराव समोर बसून आपलं रजिस्टर लिहीत होते. मधूनच चष्म्यावरून पडद्याकडे पाहायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे.

दुसऱ्या दिवशी भोजराज आला, तो बॅग खाली न ठेवता आधी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेला. तार कपाटानं चेंबली होती, कुणी कापली नव्हती. नंतर मशीन अडलं ते माझ्या चुकीनं, कुणी काही केलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं आणि मागितल्यावर लिहूनही दिलं. साहेबांनी नोटीस परत घेतली. मारोतरावांची माफी मागणं काही त्यांना जमलं नाही. पण त्या आठवड्यात दोनदा ते पगार विभागात येऊन मारोतरावांशी उगाचच हवापाण्याचं बोलून गेले.

व्हायचं ते झालंच. होळीच्या सुमारास पगार विभाग लहान केला. तुलारामला डिस्पॅचमध्ये घातलं आणि मारोतरावांना गेटजवळच्या वजनकाट्यावर पाठवलं. पगार तोच राहिला, पण हेडक्लार्क ही पाटी गेली. मजुरांना मशीनवर निघालेल्या पगाराच्या पावत्यांचा भरवसा नव्हता. पहिले काही महिने ते पावती घेऊन आधी काट्याच्या टिनाच्या खोलीत जायचे, मारोतरावांकडून ओव्हरटाइम तपासून घ्यायचे, आणि मगच घरी जायचे. चूक निघाली की मारोतराव माणसाला परत शकुनबाईकडे पाठवायचे. स्वतः मात्र ऑफिसात पाऊल टाकत नसत.

संध्याकाळी ते सुखरामच्या दुकानात बसायचे, ते बसणं त्यांनी सोडलं नाही. सुखरामशी गप्पा व्हायच्या. शकुनबाई आली की थोडं आटोपतं घ्यायचे. असं बरेच दिवस चाललं. एकदा सुखराम कुणाची तरी चेन बसवण्यात गुंतला होता, तेव्हा तिनं विचारून टाकलं, "काकाजी, राग हाये का माह्यावर?"

"आलता," ते म्हणाले. "आता तेवढा नाही. चोर म्हणून त्या खुर्चीवर बसलो असतो तं रोज मेलो असतो. पण खुर्ची माही होती, शकुन. ते काही मी विसरत नाही."

"विसरू नका," ती म्हणाली.

सुखरामनं चेन बसवून पायडल फिरवून पाहिलं. मारोतरावांनी घोटभर पाणी मागितलं, आणि ते आणायला ती दुकानामागच्या घरात गेली.