बरडावरचा गोल्फ क्लब

गोल्फ या खेळाबद्दल अधिकारवाणीने बोलू शकेल असा अख्ख्या वाशिम जिल्ह्यात माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. हे वाक्य मी थोड्या अभिमानाने लिहिलं खरं, पण त्यांचं म्हणणं खोडून काढायला दुसरा कुणी नसल्यामुळे त्यांचा अधिकार आपोआप वाढत गेला, हेही तितकंच खरं. साडू बँकेत मॅनेजर होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं आसामात, चहाच्या मळ्यांच्या मुलखात गेली. तिथल्या मळेवाल्यांच्या क्लबात त्यांना हा खेळ लागला. लागला म्हणजे एखाद्याला दृष्ट लागावी तसा लागला. बाकीची माणसं आसामातून येताना चहा आणतात. साडूंनी निवृत्त होऊन आपल्या गावी, मेडशीला येताना गोल्फच्या जुन्या काठ्या, पिशवीभर पांढरे चेंडू आणि जगातल्या यच्चयावत प्रसंगांना पुरतील इतके नियम आणले. चहा आणायचा राहून गेला म्हणून ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, अजूनही त्यांना ऐकवते.

त्यांच्या वडिलांनी उभ्या जन्माची मजुरी करून गावाबाहेर तीन एकर बरड घेऊन ठेवलं होतं. बरड म्हणजे वर मुरूम आणि खाली खडक. तिथे सोयाबीन पेरलं तर घोट्याएवढं होतं आणि लाजून तिथेच थांबतं. साडूंनी त्या जमिनीकडे पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "मास्तर, ही जमीन देवानं पिकासाठी बनवलीच नाई!" मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो, माझा आणि गोल्फचा संबंध एवढाच, की मी साडूंना नाही म्हणू शकत नाही. महिन्याभरात आम्ही मुरूम सारखा केला, बोअरच्या पाइपाचे तुकडे जमिनीत पुरून खड्डे केले, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या कापून त्यांचे झेंडे उभारले आणि मेडशीचा गोल्फ क्लब सुरू झाला. सभासद होते साडू, मी, गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर, आणि शनिवार-रविवारी ज्यांना दुसरं काही काम नसे असे चार-दोन उत्साही.

खेळ शिकायला फारसा वेळ लागला नाही, कारण तो आम्हाला शेवटपर्यंत आलाच नाही. नियम मात्र पाठ झाले. कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालेल तो जिंकला, म्हणून चुकीला दंड एकच, आपला एक फटका वाढवून मोजायचा. मैदानात यायचं तर कॉलरचा शर्ट हवा. बनियनवर आलेल्या माणसाला, मग तो घरून गरम भजी घेऊन का आलेला असेना, धुऱ्यावरूनच, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, परत जावं लागे. पायात चप्पल चालायची नाही. कुणी चेंडू मारत असताना हूं की चूं करायचं नाही. कंपाउंडरला तंबाखू-सुपारीचा खर्रा पन्नीत घोटायची सवय. त्या प्लॅस्टिकच्या पन्नीचा करकर आवाज साडूंना शंभर पावलांवरून ऐकू येई. काठी खांद्यावर उचललेली तशीच ठेवून, मान न वळवता ते म्हणत, "कंपाउंडर, तुमचं जेवण होऊ द्या मंग मी मारतो." फटक्यासरशी माती उखडली तर ती उचलून परत जागेवर दाबायची. चेंडू दुसऱ्याच्या उभ्या पिकात गेला तर तो मेला असं समजायचं. आत पाऊल टाकायचं नाही. कुत्र्याने पळवला तर जिथून पळवला तिथे नवा ठेवायचा. शेणात पडला तर उचलून पुसून घ्यायला परवानगी, पण शेजारच्या खेळाडूच्या रुमालाला पुसायचा नाही. हा शेवटचा नियम आसामात नव्हता. तो खास कंपाउंडरसाठी करावा लागला.

चेंडू माणसांच्या दिशेने निघाला की "फोर!" असं ओरडायचं, हाही एक नियम. पहिल्याच आठवड्यात साडूंनी धुऱ्यावर गवत कापत बसलेल्या एका म्हातारीकडे चेंडू मारला आणि जीव खाऊन "फोर! फोर!" ओरडले. म्हातारी शांतपणे उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "चार काय हो सायेब? गवत पायजे काय चार पेंढ्या?" चेंडू तिच्या पदराला वारा घालून गेला. त्या संध्याकाळी साडूंनी जड मनाने नियम बदलला, आणि तेव्हापासून मेडशीत "सरका हो बाप्पा!" असं ओरडतात.

सगळ्यात मोठी अडचण ग्रीनची होती. खड्ड्याभोवती म्हणे मखमलीसारखं आखूड गवत लागतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरचे केसही सुकतात, तिथे मखमल कुठून आणायची? उपाय ताईने सुचवला. "सारवून घ्या. अंगणावानी गुळगुळीत होईन." साडू हरखले. "वा! मंग तू शनिवारी..." ताईने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "सारवायले मी आन् खेळायले तुमी? हे कोनत्या आसामात असते?" साडू दोन दिवस विचारात पडले आणि नियम झाला, की जो खेळेल तो सारवेल. त्यानंतर दर शनिवारी बँकेचा माजी मॅनेजर, शाळेचा मास्तर आणि सरकारी कंपाउंडर कोपरापर्यंत शेणात हात घालून बसलेले गावाने पाहिले. बाया कामं टाकून बघायला येत. "मास्तर, हात गोल फिरवा, गोल! शाळेतला फया पुसून राह्यले काय?" अशा सूचना मी मुकाट ऐकत असे. ताई देखरेखीला म्हणून येऊ लागली आणि जवळचा चेंडू खड्ड्यात घालण्यात आम्हा सगळ्यांना मागे टाकून बसली. साडूंनी तिला सभासद करून घेतलं, पण मैदानावर ते तिला 'मॅडम' म्हणत. नवरा-बायको ही गोष्ट नियमात बसत नव्हती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाऊसाहेब सभासद झाले. भाऊसाहेब म्हणजे बरडाच्या शेजारच्या काळ्याभोर वावराचे मालक. गावातलं मोठं घर, मोठा आवाज. साडूंच्या वडिलांची मजुरी झाली ती याच घरच्या शेतात. आमच्या मैदानात यायची वाटही त्यांच्याच धुऱ्यावरून. त्यांनी नागपूरहून नव्या कोऱ्या चकचकीत काठ्यांचा संच मागवला, कॉलरचा शर्ट घातला आणि सारवायलासुद्धा बसले. त्यांना शेणात हात घालताना बघायला तर शिरपूरपर्यंतचे पाहुणे आले असतील. सगळं छान होतं. पण एके रविवारी त्यांचा चेंडू बाभळीच्या बुंध्यामागे अडकला, आणि भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघत तो बुटाच्या टोकाने हळूच मोकळ्यात ढकलला.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे एकदम आभाळाकडे बघू लागलो. साडू एकटेच चेंडूकडे बघत राहिले.

"भाऊसाहेब, चेंडू सरकला."

"वाऱ्यानं सरकला अशीन."

"वारा नाई."

"मंग काय मी सरकवला म्हन्ता?"

"पाय लागला तुमचा. एक फटका वाढवा आन् पुढे चला. एवढंच हाये."

एवढंच होतं, पण भाऊसाहेबांना आयुष्यात कुणी असं चारचौघांत सांगितलं नव्हतं. त्यातून सांगणारा कोण, हेही त्यांच्या मनात आलं असणार. त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅनेजर, माह्या धुऱ्यावरून येता आन् मले चोर म्हन्ता?" साडू तितक्याच शांतपणे म्हणाले, "चोर नाई म्हटलं. पन पाय लागला हे तुमी सोता सांगत नाई तोपर्यंत तुमाले इथं खेळता येनार नाई." भाऊसाहेबांनी काठ्या उचलल्या आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग पडलेला होता. वाट बंद.

आता मैदानात जायचं तर नाल्यातून लांबचा वळसा. चिखल तुडवत, बूट हातात घेऊन आम्ही काही दिवस गेलो. मग हळूहळू एकेकाला घरी कामं निघू लागली. शेवटी कंपाउंडर धीर करून म्हणाले, "साहेब, बोटभर सरकला अशीन चेंडू. बोटभरापाई क्लब बंद पाडता काय?"

साडूंनी हातातला बूट पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "आसामात मी पहिल्यांदा खेळलो त्या दिवशी एका मोठ्या मळ्याच्या मालकानं फटके कमी सांगतले. क्लबाच्या सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर सांगतलं, तुमचे दोन चुकले. थ्यानं 'सॉरी' म्हटलं, दोन वाढवले. आन् संध्याकाळी मी आत गेलो त मले खुर्ची थ्यानंच ओढून देली. मी उभाच राह्यलो, कंपाउंडर. मले बसाचं समजेना. आपल्या गावात मी लहानपनापासून पाहून राह्यलो, मोठ्याले एक माप आन् माह्या बापाले दुसरं. या तीन एकरात तरी एकच माप राहू द्या." त्यानंतर कंपाउंडरने तो विषय काढला नाही. नाल्यातूनच, पण येत राहिले.

सोयाबीन निघून गेलं, तूर फुलावर आली. एका सकाळी मी आणि साडू नाल्याच्या कडेने निघालो होतो, तर तुरीच्या पलीकडून 'ठक्' असा आवाज आला. असा आवाज जिल्ह्यात एकाच गोष्टीचा असतो. आम्ही तुरीतून डोकावलो. भाऊसाहेबांनी हरभरा पेरताना वावराचा एक तुकडा मोकळा सोडला होता. मधोमध सारवलेलं गोल. एकटेच खेळत होते, कॉलरचा शर्ट घालून, आणि प्रत्येक फटका मोठ्याने मोजत होते. "नऊ... दहा..." चेंडू एका ढेकळामागे जाऊन बसला. भाऊसाहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. उजवा पाय पुढे आला, चेंडूजवळ थांबला. माझा हात साडूंनी इतका घट्ट धरला, की मला ओरडावंसं वाटलं. मग तो पाय जड असल्यासारखा मागे गेला. भाऊसाहेबांनी काठी मारली. ढेकूळ फुटलं, चेंडू वीतभर हलला. "अकरा," ते स्वतःवरच चिडून म्हणाले.

चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "सतरा."

"सतरा. बराबर हाये," साडू तुरीतून म्हणाले.

भाऊसाहेब दचकले. "कोन हाये? मॅनेजर? चोरून पाहून राह्यले काय?"

"तुमी खेळून राह्यले होते. मधात बोलाचं नसते, म्हनून थांबलो."

दोघं समोरासमोर उभे राहिले. मधे तुरीची एक ओळ. भाऊसाहेबांनी काठीने उगाच माती उकरली, मग वाकून ती हाताने दाबली. मान खालीच ठेवून म्हणाले, "थ्या दिवशी पायच होता, मॅनेजर."

"मंग एक फटका वाढवू," साडू म्हणाले, "आन् शनिवारी या. सारवायचं हाये."

दुपारपर्यंत धुऱ्यावरच्या काट्या निघालेल्या होत्या.

ही गोष्ट होऊनही आता काही वर्षं झाली. मधल्या काळात साडूंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. काठी आणि जमीन त्यांना अजून दिसते. चेंडू उडाला की दिसेनासा होतो. क्लबातली सगळी माणसं त्यांच्यावर जीव टाकणारी. चेंडू कुठेही गेला तरी "मस्त गेला साहेब, एकदम मधोमध!" असं कुणीतरी म्हणे आणि दुसरं कुणीतरी पळत जाऊन तो मधोमध ठेवून येई. हे काही आठवडे चाललं. मग एकदा साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, डोळे होते तवा मी कधी एवढा चांगला खेळलो नाई. डोळे गेले आन् खेळ सुदरला. हे कसं काय?" मी झेंड्याकडे बघू लागलो. त्या दिवशी पहिल्यांदाच ते खेळ अर्धा सोडून घरी गेले. पुढच्या रविवारी ताई एकटीच आली. "बसून हायेत," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी भाऊसाहेब स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. काय बोलणं झालं ते ताईनेही सांगितलं नाही. साडूंना जागेवर उभं केलं, खांदे धरून झेंड्याकडे वळवलं. साडूंनी फटका मारला. चेंडू भलतीकडेच वळला आणि नाल्यात गडप झाला. कंपाउंडरने "मस्त..." म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाल्यात गेला, मॅनेजर," भाऊसाहेब म्हणाले. "पार पान्यात. लयच बेकार मारला."

आम्ही साडूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू कुणी डोळ्यांवरची पट्टी सोडली. "नाल्यात काय? मंग एक फटका वाढवा, भाऊसाहेब! आना दुसरा चेंडू!"

तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाबरोबर खेळत नाहीत. परवाच्या रविवारी मी मागे उभा होतो. ऊन उतरत चाललं होतं, बरडावर बाभळींच्या लांब सावल्या पडल्या होत्या. साडूंनी काठी उचलली आणि आयुष्यभर कधी बसला नसेल असा फटका बसला. चेंडू सरळ, नितळ गेला, सारवलेल्या जागेवर उतरला, घरंगळत राहिला.

"कुठी हाये?" साडूंनी विचारलं.

भाऊसाहेब डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिले. "खड्ड्यापाशी," ते म्हणाले. "हातभर राह्यला."

मला वाटलं, आता साडू खात्री करायला माझ्याकडे वळतील, कंपाउंडरला विचारतील, ताईला हाक मारतील. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. टोपी नीट केली, काठी काखेत मारली आणि चेंडू दिसत नसतानाही भाऊसाहेब म्हणाले त्या बाजूला ते ताठ मानेने चालू लागले.