पुसलेली ग्रामसभा

आरतीला ‘हे तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई’ असं कुणी म्हटलं की संपलंच! पदर खोचून मागं लागायची. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर गावोगाव फिरत शाळा शिकलेली पोर ती. सोनईत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाही लोक हसले होते. हसू देत, म्हणाली.

त्या दिवशी शेजारच्या गावची पुष्पावती एक डिस्क घेऊन आली. तिच्या गावात बायांनी ग्रामसभेत हात वर करून दारूचं दुकान बंद करायचा ठराव केला होता. दुकानदार छगन आता म्हणत होता, बाया जमल्याच नव्हत्या! सभेचं चित्रीकरण या डिस्कवर होतं आणि कुणीतरी ती पुसून टाकली होती. ठरावावरची सुनावणी दुसऱ्या दिवशी.

“हातचं गेलं गं समदं,” पुष्पावतीला रडू फुटलं.

आरतीनं डिस्क जोडली. एकही फाइल दिसेना. पण घाईत पुसणारा नुसती फाइलींची अनुक्रमणिका पुसतो, मजकुराची पानं आत राहतात. तिच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स प्रणालीत अख्खी डिस्कच एखाद्या फाइलीसारखी उघडून पहिल्यापासून वाचता येते. तिनं तसा प्रोग्राम लिहून ठेवलेला होता. तो चालवला, तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही.

“तू बी त्यांच्यातलाच व्हय रे?” ती यंत्रावरच खेकसली आणि पासवर्ड टाकून मुख्य चालकाचा, म्हणजे ॲडमिनचा, अधिकार घेऊन बसली. या अधिकारात डिस्कचं नाव चुकलं तर भलतीच डिस्क उघडायची, म्हणून आकार बघून खात्री केली. उघडली ती फक्त वाचायला. लिहायची मुभा प्रोग्रामला दिलीच नाही.

तेवढ्यात पुष्पावतीच्या मागावर आलेला छगन दारात.

“आरते, कशाला वाकड्यात शिरती? तूच कायतरी आत घुसडलं म्हनंन मी उद्या.”

“खुशाल म्हना, छगनशेठ. वाचायलाच उघडलीया. एक ठिपका बी लिहिता यायचा न्हाई तिच्यावर. बसा हितंच, डोळ्यानं बघा!”

तो हसत बसला. चहा झाला, ऊन कललं. प्रोग्राम डिस्कचा एकेक तुकडा वाचत व्हिडिओची सुरुवात हुडकत होता. आणि सापडली! देवळापुढचं पटांगण, बायांची गर्दी, वर गेलेले हात. पुष्पावती उभीच राहिली.

छगन गुरकावला, “कुनाच्या कोन बाया ह्या! आमच्या गावच्या हायेत का?”

तेवढ्यात कॅमेरा पहिल्या रांगेवर आला. तिथं केशरबाई होती, छगनची आई. एक हात वर, दुसऱ्या हातानं शेजारणीचाही हात वर धरलेला.

“ह्या तरी वळखीच्या हायेत ना?” आरती म्हणाली.

“बंद कर ते!”

“न्हाई करनार.” तिनं आवाज वाढवला.

केशरबाई बोलत होती, “माझा थोरला दारूनं नेला. धाकट्याचं दुकान आता मीच बंद करनार. लिवा माझं नाव पयलं!”