केस खलास

आत्मारामभाऊंना चिडलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. इथे अमिरातीतल्या फुजैरा बंदरात जहाजांना किराणा-भाजी पुरवणाऱ्या कंपनीत ते स्टोअरकीपर. वय अठ्ठावन्न. चिपळूणकडच्या तीन भावांची शिक्षणं आणि लग्नं यांनी इथून पार पाडली, स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. माझ्याकडून त्यांना रोज डबा जायचा. डबा रिकामा परत करू नये म्हणून ते त्यात दोन खजूर, नाहीतर चिमूटभर साखर घालून पाठवायचे. मला वहिनी म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून समुद्रावर जायचे आणि एकटेच बसून परत यायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गोदामात चक्कर येऊन पडले. हृदयाची झडप निकामी झाली होती. लवकर ऑपरेशन केलं नाही तर जगणं कठीण, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

"साठ हजार दिरहम, म्हणजे चौदा लाख झाले," माझे मिस्टर उपेंद्र पुटपुटले. इन्शुरन्सने हात वर केले. भावांचा मेसेज आला, 'देव आहे.' देव आहेच हो, पण त्याच्या हॉस्पिटलात बिल भरावं लागत नाही!

इथे आपल्या मनाने वर्गणी गोळा करता येत नाही, कायद्याने मनाई आहे. परवाना असलेल्या संस्थेतर्फेच मदत मागावी लागते. आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप सांभाळणारा तन्मय इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. तो अशा एका संस्थेच्या फहदला भेटला. संस्थेने नाव न देता आवाहन टाकलं, 'भारतीय कामगार, कुटुंब नाही.'

ते वाचून आत्मारामभाऊ म्हणाले, "कुटुंब नाही कसं? तीन भाऊ आहेत ना." मी कपाळावर हात मारला.

त्यांना ओळखतही नसलेल्या लोकांनी पैसे दिले. एका दुपारी मी हॉस्पिटलात त्यांना पेज भरवत होते, तेवढ्यात त्यांचा फोन टिंगटिंग वाजायला लागला. ग्रुपवर तन्मयने लिहिलं होतं, 'आत्मारामकाका केस खलास. थँक्यू ऑल.'

इथल्या अरबीत खलास म्हणजे काम झालं. आपल्याकडे माणूस खलास होतो. कोल्हापूरहून नुकत्याच आलेल्या एका गृहस्थांनी लगेच लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यांच्या मागे रांगच लागली. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्यांनीसुद्धा वरचा मेसेज न वाचता खालचाच चिकटवला. जोडलेले हात, ॐ शांती, पुन्हा भावपूर्ण. त्यातच एका बाईंनी विचारलं, आता गणपतीच्या जेवणाला पानाची डावी बाजू कोण वाढणार? दरवर्षी चटण्या-कोशिंबिरी वाढायचं काम भाऊंकडे असायचं.

माझं डोकं फिरलं. मी तन्मयला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला.

"ओह नो, आंटी! खलास मीन्स डन ना! फंड कम्प्लीट झाला. फहद म्हणाला, खलास, यल्ला, सर्जरी करा!"

त्याने ग्रुपवर खुलासा टाकला. त्यावर भराभर अंगठे आले.

मी म्हटलं, "आता हसा की भाऊ! पैसे जमले. उद्या ऑपरेशन."

ते फोनवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एवढ्या सगळ्यांत एकानेही फोन केला नाही हो. बॉडी गावी नेणार की इथेच उरकणार, एवढं तरी विचारायचं."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी मात्र मी पेज ढवळत बसले.

सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधी नर्सने विचारलं, "ऑपरेशन के बाद किसको खबर करना है?"

"खबर तो सबको हो गई, सिस्टर," आत्मारामभाऊ हसून म्हणाले. तिला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. "ये आपकी कौन हैं?"

बहीण, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्याआधीच ते म्हणाले, "टिफिनवाली हैं."

उगाच कोणाला आपल्यात अडकवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. मला कळत होतं. तरी ते मला फार लागलं, आणि त्या रागात मी नर्सला काही बोलले नाही. तिने कागदावर तेच लिहून घेतलं आणि स्ट्रेचर निघून गेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी ते शुद्धीवर येताहेत असं कळलं, तशी मी आयसीयूकडे धावले. दारावरच्या माणसाने हातातला कागद पाहिला. "सिर्फ फॅमिली, मॅडम. टिफिनवाली को अंदर नहीं छोड़ सकते."

मी बहीण आहे, असं मी त्याला ओरडून सांगितलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

दाराच्या काचेतून त्यांचा पलंग दिसत होता. त्यांनी डोळे उघडले. मान हळूच या बाजूला वळवली, मग त्या बाजूला. पलंगाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे थोडा वेळ पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी काच वाजवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही.