हळद्याचा नैवेद्य

चंपाषष्ठीच्या सकाळी आमचा हळद्या गेला आणि मी देवघरातला दिवा विझवून टाकला. खरंच सांगते, फुंकर मारून विझवला. खंडेरायाला म्हटलं, तुझ्या भक्तांना आज कुत्र्यावाचून जेवता येत नाही, आणि नेमकं आजच माझं कुत्रं न्यायचं सुचलं होय रे तुला? म्हातारा झाला होता तो, शेवटी पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजत होते. जाणार हे कळत होतं. तरी देवाचा राग यायचा तो आलाच.

पण खरा संताप पुढं झाला. आमच्या सोसायटीत या दिवशी हळद्याचा केवढा मान! वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा घेऊन माणसं आमच्या दाराशी यायची. कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही खंडोबाच्या घरांची रीत. हळद्याचं पोट भरलं तरी "घे रे देवा, एवढा घास घे" म्हणून विनवण्या चालायच्या. त्या दिवशीही चेअरमन ताट घेऊन आले. हळद्या गेला म्हटल्यावर हळहळले. मी म्हटलं, मागच्या बागेत त्याला पुरू द्या, त्याची बसायची जागा ती. लगेच त्यांचा चेहरा बदलला.

"वहिनी, भावना समजतात हो. पण तिथं मुलं खेळतात. आता घंटागाडी येईल, तिच्यात देऊन टाका."

हातात नैवेद्याचं ताट आणि तोंडात कचऱ्याची गाडी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गेल्या वर्षी याच्याच पाया पडलात ना?" एवढंच मी विचारलं. ते ताट घेऊन दुसरं कुत्रं शोधायला निघून गेले.

ह्यांनी चार ठिकाणी फोन लावले. कुणी म्हणालं, मोठ्या शहरात प्राण्यांसाठी दाहिनी असते, तिकडे न्या. कुणी म्हणालं, रस्त्याच्या कडेला ठेवा, महापालिका उचलते. मी हळद्याला त्याच्या निळ्या चादरीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि ह्यांना म्हटलं, गाडी काढा. कुठं जायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. माझ्या पोराला मानानं मातीत ठेवायला हातभर जागा मिळेना, हेच डोक्यात घुमत होतं. फुलंब्रीच्या वाटेवर एका शेताच्या मालकाला विचारलं, त्यानं हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं.

थोडं पुढं बांधावर एक माणूस ताट घेऊन उभा होता आणि "यू, यू" करून हाका मारत होता. गाडी थांबली तसा जवळ आला.

"ताई, वाटंत कुठं कुत्रं दिसलं का? आमचं दिवाळीत मेलं. निवद तसाच पडून हाय, घरात समदे उपाशी हायत."

मला रडूही आलं आणि रागही आला. चादर उघडून दाखवली, सकाळपासूनचं सगळं भडाभडा बोलून टाकलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली. ती आली, हळद्याकडं बघत राहिली.

"रडू नका, माय. याच्यासाठीच वाढून ठिवलं व्हतं बघा. म्हणून दुसरं कुत्रं येईना."

त्यांचं आधीचं कुत्रं बोरीखाली पुरलेलं होतं. त्याच्याच शेजारी नवराबायकोनं खड्डा खणला, ह्यांनीही हात लावला. तिनं हळद्याच्या कपाळाला भंडारा लावला, रोडग्याचा घास भरीत लावून तोंडाशी ठेवला आणि हात जोडले. माती लोटून झाल्यावर वर एक दगड ठेवला, त्यालाही भंडारा फासला. मग म्हणाली, "देवाचं कुत्रं जेवलं. चला, आता तुमीबी जेवा." त्यांच्या ओसरीवर मी पोटभर जेवले.

याला चमत्कार म्हणा, असं मी कुणाला सांगत नाही. पण ज्या दिवशी देवानं माझ्या तोंडावर दार लावलं असं मला वाटलं, त्याच दिवशी माझ्या कुत्र्यासाठी कुणीतरी ताट घेऊन वाटेत उभं होतं. घरी येऊन मी दिवा लावला, आणि माफी मागताना जीभ अडखळली नाही.

आता दर चंपाषष्ठीला आमचा रोडगा त्या बोरीखाली जातो. चेअरमनांवरचा राग मात्र अजून गेलेला नाही. तोही मी त्या दगडाशी ठेवून येते, आणि घरी पोचेपर्यंत थोडा परत आलेला असतो. माझ्यानं होईल तेवढं मी केलं. उरलेला खंडेरायानं न्यावा, हळद्याला नेलं तसा.