ठोक्याची शिकवणी

गिटार ठोक्याच्या घरी आली ती एका चेपलेल्या गाडीच्या डिकीतून. मागून ट्रकने दिलेली धडक इतकी जबर होती की डिकीचं झाकण आत घुसून मागच्या सीटला टेकलं होतं. ठोक्याने कटावणी घालून, चार शिव्या हासडून ते उचकटलं, तेव्हा आतून काळ्या पिशवीतली ही गिटार निघाली. तिच्या कुशीला लांबलचक तडा गेला होता. गाडीचा मालक मानेला पट्टा लावून बाजूला उभा होता. तो म्हणाला, "नको मला ती. तिच्याकडे बघितलं की धडकेचा आवाज ऐकू येतो." ठोक्या म्हणाला, बरं, आणि संध्याकाळी ती खांद्याला लटकवून घरी घेऊन आला.

ठोक्या हे काही आईने ठेवलेलं नाव नव्हे. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा त्याचा धंदा. मामाच्या गॅरेजमध्ये सगळे त्याला ठोक्या म्हणायचे, आणि लग्नानंतर बायकोही, रागावली की, तेच म्हणू लागली. हे नाव त्याला नुसतं धंद्यामुळे चिकटलेलं नव्हतं. रस्त्यात कुणी गाडी घासली तर खाली उतरून आधी कॉलर धरायची आणि मग बोलायचं, असा त्याचा खाक्या. एका टेम्पोवाल्याचे पुढचे दोन दात त्याने भर चौकात पाडले होते आणि त्यापायी एक दिवस कोठडीत काढला होता. घरात रागावला की कपाटाच्या दाराला बुक्की मारायचा. त्या दारावर खळगे होते, आणि ज्याचा जन्म खळगे काढण्यात गेला त्याला ते कधी काढावेसे वाटले नाहीत.

पण बायकोवर आणि मुलीवर त्याने कधी हात उचलला नव्हता. हे लिहायलाच हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. मुलगी झाली तेव्हा नर्सने ती त्याच्या हातात दिली. त्याच्या उजव्या तळव्यावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग होता आणि मुलीचं डोकं नेमकं त्या डागावर टेकलं. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं, हिच्या अंगाला बोट लावायचं नाही. आयुष्यात त्याने स्वतःहून ठरवलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं मामाने ठरवलं होतं.

तळव्यावरचा तो डागही मामाचाच. बाप गेल्यावर आईने ठोक्याला आपल्या भावाच्या गॅरेजमध्ये धाडलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मामा काम शिकवायचा ते न बोलता. चुकलं की हातात असेल ते बसायचं. कधी हातोड्याचा दांडा कोपरावर, कधी पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा पाठीत. एकदा गॅसने तापवलेल्या पत्र्यावर ठोक्याने नको तितके घाव घातले आणि पत्रा फुगून वाया गेला. मामाने त्याचं मनगट धरलं आणि तळवा त्याच पत्र्यावर टेकवला. चामडी जळल्याचा वास गॅरेजभर झाला. "तोंडाने सांगितलेलं कानात राहतं," मामा म्हणाला. "हाताला हाताच्या भाषेतच सांगावं लागतं." त्यानंतर ठोक्याने पत्रा कधी फुगवला नाही. मामा वाईट होता असं तो आजही म्हणत नाही. तो म्हणतो, "म्हणून तर माझा हात बसला."

अशा माणसाने गिटार शिकायला घेतली, तीही मोबाइलवरून.

आधी त्याने तडा चिकटवला, घासला, पॉलिश केला. तारा नव्या आणल्या. मग वस्तू दुरुस्त केली तर ती चालते का बघायला नको का, म्हणून मोबाइलमध्ये शोधलं आणि एक बाई सापडली. आखूड केसांची, हसऱ्या चेहऱ्याची. धड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ती एकच सांगायची, "हात सैल सोडा. चुकलं तरी हरकत नाही, पुन्हा करू." पहिल्या दिवशी ठोक्याने तार इतकी पिळली की ती ताडकन तुटून त्याच्या गालावर बसली आणि डोळ्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली. मोबाइलमधली बाई म्हणाली, हरकत नाही. ठोक्या तिच्यावर खेकसला, "हरकत कशी नाही? बाई आहेस की दगड?"

त्याची खरी अडचण इथेच होती. ती बाई मारत नव्हती. रागावतसुद्धा नव्हती. पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या, तो धडा त्याला काही केल्या जमेना. बोटाखालून तार घसरायची आणि भांड्यावर नख ओढल्यासारखा आवाज निघायचा. तो पुन्हा करायचा, पुन्हा तेच. बाई पुन्हा हसायची. ठोक्याला वाटू लागलं, हाताला कळत नाहीये. कळणार कसं, सांगतंय कोण?

मग तो गॅरेजमधून एक लाकडी हातोडा घरी घेऊन आला. चूक झाली की डावा हात टेबलावर ठेवायचा आणि उजव्याने त्यावर हातोडा घालायचा. फार जोरात नाही, पण कळेल इतका. शिष्य तोच, उस्ताद तोच. आठवडाभरात बोटांच्या पेरांवर काळेनिळे डाग आले, एक नख मुळापासून हललं. बायकोला वाटलं, गॅरेजमध्ये लागलं असेल. एका संध्याकाळी ती चहा घेऊन आत आली आणि त्याचा हातोडा हवेत बघून दारातच थांबली.

"अहो, दिवसभर गाड्या कमी पडतात का ठोकायला?"

"शिकतोय," तो म्हणाला.

"असं?"

"मग कसं शिकतात?"

बायकोने चहा ठेवला आणि त्याच्या हाताला हळद लावली. हळद लावताना तिने ते नख मुद्दाम जरा दाबलं, आणि तो कळवळला तेव्हा म्हणाली, "हेही शिकून घ्या." तिला राग आला होता आणि रडूही. पण कपाटाच्या दारापेक्षा स्वतःचा हात बरा, असा काहीतरी हिशेब तिने मनाशी केला आणि ती गप्प बसली. तिचं चुकलं, हे तीच आता सांगते.

आणि वाजवायला तर त्याला आलं. काही महिन्यांनी तो एक साधी चाल न अडखळता वाजवू लागला. रोज दोन-दोन तास घासल्यावर कुणालाही आली असती. पण ठोक्याला ते कोण सांगणार? त्याने श्रेय दिलं हातोड्याला.

मुलगी हे सगळं दाराआडून बघत होती. ती शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि उंबऱ्यावर बसून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "बाबा, मला शिकव."

ठोक्याने गिटार भिंतीला टेकवली. "मोबाइलवर शीक. ती ताई चांगली शिकवते."

"ती माझ्यासाठी थांबत नाही. ती पुढे जाते."

"मला शिकवता येत नाही गं."

"तू स्वतःला शिकवलंस ना?"

शिकवायची एकच रीत त्याला माहीत होती आणि त्या रीतीपासूनच मुलीला वाचवायचं असं त्याने तिच्या जन्माच्या दिवशी ठरवलं होतं. त्याने आठवडाभर टाळलं. मुलगी रुसली, जेवली नाही, मग न विचारताच गिटार मांडीवर घेऊन बसली. तिची बोटं इवलीशी, तारांपर्यंत जेमतेम पोचणारी. ठोक्याला राहवलं नाही. तो शेजारी जाऊन बसला.

पहिल्या चार चुका त्याने दात खाऊन गिळल्या. पाचव्या चुकीला त्याचा उजवा हात आपोआप उचलला गेला. मुलगी आक्रसली. तो हात तिच्या कानशिलापासून वीतभर अंतरावर थांबला. मग ठोक्याने हातोडा उचलला, आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि त्यावर घाव घातला.

त्याला मोकळं वाटलं. खरंच सांगतो, आपण काहीतरी फार शहाणपणाचं शोधून काढलं असं त्याला वाटलं. चूक तिची, मार आपल्याला. शिकवणीतला मारही राहिला आणि मुलीच्या अंगाला बोटही लागलं नाही. त्या दिवसापासून हीच पद्धत पडली. मुलगी चुकली की ठोक्या स्वतःला मारून घ्यायचा आणि म्हणायचा, "हं, पुन्हा." कधी रागाच्या भरात लागोपाठ दोनदा मारायचा. हाताची सूज उतरेना. गॅरेजमध्ये ठोकळा धरताना तो हातातून निसटायचा आणि मामा आईवरून शिव्या द्यायचा.

मुलगी झपाट्याने शिकली. शिकणारच, तिचा जीव टांगणीला लागला होता. गिटार घेताना तिचा चेहरा पांढरा पडायचा, ओठ मिटलेले असायचे, आणि नजर तारांवर नसून बापाच्या डाव्या हातावर असायची. ठोक्याला तिची एकाग्रता तेवढी दिसली. बायकोला तो छाती फुगवून म्हणाला, "बघ, कसा हात बसतोय तिचा. आणि एक चापट मारली नाही मी."

बायको म्हणाली, "ती झोपेत दचकते."

"लहान मुलं दचकतातच."

एका रविवारी दुपारी बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मुलगी पूर्ण चाल पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवत होती, आणि सुरेख वाजवत होती. शेवट आला आणि तिचं पहिलं बोट घसरलं. तो घाणेरडा आवाज निघाला. ठोक्याने शिवी घातली. शेवटाला येऊन माती केली, याचा त्याला मनापासून राग आला होता, आणि आज हातोडा त्याने नेहमीपेक्षा उंच उगारला. डावा हात टेबलावर होताच, सुजलेला, एका बोटाचं नख गळून पडलेलं.

मुलीने गिटार टाकली आणि आपले दोन्ही पंजे त्या हातावर पसरले.

ठोक्याचा हात कामाने घडलेला. एकदा सुटलेला घाव मध्येच आवरायची त्याला सवय नव्हती. हातोडा तिच्या बोटांवर पडला. ती लगेच रडली नाही. आपल्या बोटांकडे बघत राहिली, मग एकदम ओरडली, आणि तिचं ओरडणं ऐकून गच्चीवरून बायको ओल्या कपड्यांसकट धावत आली. हातोडा अजून ठोक्याच्या हातात होता. हातातल्या पिळलेल्या चादरीने बायकोने त्याच्या तोंडावर, मानेवर, डोक्यावर सपासप मारलं, आणि तो उभा राहून मार खात राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"दारात बोटं सापडली," मुलगी म्हणाली.

"मी मारलं," ठोक्या म्हणाला.

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी ठोक्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. "आणि हा हात?"

"तोही मीच."

दोन बोटं मोडली होती. प्लास्टर घातलं. बातमी लागली तसा मामाही आला, काठी टेकत. म्हातारा झाला होता, पण पोरीवर त्याचा जीव होता. पोरीचं प्लास्टर बघून त्याचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावरून हात फिरवत तो मायेने म्हणाला, "रडू नको गं बाळा. आता बघ कसा हात बसतो तुझा. तुझ्या बापाचाही असाच बसला."

ठोक्याने मामाला आयुष्यात कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. आता त्याने मामाच्या सदऱ्याला धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि त्याच्या तोंडावर बुक्की मारली, मग दुसरी. काठी लांब घरंगळली. मामा भिंतीला घसरत खाली बसला, ओठातून रक्त गळत होतं, आणि त्याला नवल वाटल्यासारखंही दिसत नव्हतं. वॉर्डबॉय धावत आले आणि त्यांनी ठोक्याचे हात मागे पिरगळून धरले. ठोक्याला बुक्की मारताना बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं आणि त्याचीच त्याला शिसारी आली. मोबाइलमधली बाई दुसऱ्याच्या मुलांना म्हणत होती, हरकत नाही, पुन्हा करू. हे चार शब्द त्याला स्वतःच्या मुलीला म्हणता आले नव्हते.

"बाबा," मुलगी खाटेवरून म्हणाली. मामाकडे तिचं लक्षच नव्हतं. पिरगळून धरलेल्या बापाच्या डाव्या हाताकडे ती मान तिरकी करून बघत होती, आणि रडून झालेल्या तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सुटल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

"आता मला खूप दिवस वाजवताच येणार नाही ना?"

"नाही बाळा."

"मग तेवढ्यात तुझा हात बरा होईल."