चकरीवाल्या पोट्टीचा रुपया

लेकीच्या घरचं फुकट पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीत. प्यावंच लागलं तर आधी लेकीच्या हातावर रुपया ठेवायचा, मग पेल्याला हात लावायचा. बहुतेक बाप पहिलं नातवंड झालं की सैल पडतात. आमचे बाबा नातू इंजिनियर होऊन पुण्याला गेला तरी रुपया ठेवूनच राहिले होते.

वर्षातून एकदोनदा येत तोवर मी हसून घेत असे. पण आई गेल्यावर ते गावी एकटे राहिले, आणि गेल्या हिवाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून पाय मोडून बसले. गाव बुटीबोरीच्या पलीकडे, मी इकडे शहरात, लकडगंजात. मी गाडी घेऊन गेले आणि एक शब्द बोलू न देता त्यांना उचलून आणलं. पाय प्लास्टरात, बाबा दिवाणावर, आणि बंडीच्या खिशात चिल्लरची पुरचुंडी. सकाळचा चहा, रुपया. जेवण, रुपया. कणकण वाटते म्हणून काढा दिला, त्यालाही रुपया. मी ती चिल्लर चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकत होते आणि डब्याचं झाकण दर वेळी जरा जास्तच जोरात लावत होते.

रुपयाचं एक वेळ सोडा. मला झोंबत होतं ते वेगळंच. आईच्या हातच्या एका भाजीला या माणसानं कधी बरं म्हटलं नाही. वरण पातळ झालं, भाकर करपली, तिखट गेलं कुठं, असं रोजचं भांडण. आणि माझ्याकडे? काहीही वाढा, "मस्त झालं वं." एकदा मी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठच घातलं नाही. सगळी भाजी पुसून खाल्ली आणि म्हणाले, "मस्त." खानावळीत पैसे मोजून जेवणारा माणूससुद्धा याहून जास्त तोंड उघडतो हो! प्लास्टर निघालं की ते गावाच्या रिकाम्या घरात परत जाणार, हे त्या एका "मस्त"मध्ये मला स्वच्छ ऐकू येत होतं. आणि मला ते जायला नको होते. एवढीच माझी गोष्ट.

दिवसभर पडून पडून बाबा छताचे कोपरे मोजायला लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना टॅबलेट आणून दिला. गावी देवळाच्या ओट्यावर बाबा पत्ते खेळत, म्हणून मी पत्त्यांचा गेम शोधायला गेले आणि आला भलताच. हिरवं टेबल, त्यावर मोठी चकरी, चकरीत आकडे, आकड्यांवरून पळणारी गोळी. आणि टेबलामागं लाल कोट घातलेली एक चित्रातली पोरगी, डोळ्यांची उघडझाप करत उभी. पैसे खरे नव्हते, नुसती चित्रातली नाणी. एरवी मी हात लावू दिला असता का?

"हे तर जत्रेतली चकरी हाय," बाबा खूश झाले. मग पोरीकडे बघून म्हणाले, "हे पोट्टी काय म्हणून राहिली?"

"पैसे लावा म्हणते."

त्यांनी लावले. लावले, हरले, लावले, हरले. दुपारपर्यंत सगळी नाणी संपली. समाधानानं टॅबलेट खाली ठेवणार, तोच त्या पोरीनं हात पुढे केला. तळहातावर नाण्यांची थैली, आणि खाली लिहिलेलं, "तुमच्यासाठी भेट. घ्या."

बाबांनी तापल्या तव्यासारखा टॅबलेट चादरीवर टाकला. "मी हरलो ना? मंग हे काहून देऊन राहिली मले?"

"फुकट देते, बाबा. घ्या म्हणायचं, बोट लावायचं."

"पोरीच्या जातीचं फुकट घिऊ?"

मी कपाळाला हात लावला. चित्र आहे, म्हणून सांगितलं. चित्र तर चित्र, पोरगी तर हाय, म्हणाले. बोट लावेनात. आणि बोट लावल्याशिवाय तो खेळ पुढं सरकत नाही, की मागं जात नाही. आम्ही जेवलो, मी भांडी आवरली, आणि ती बया आपली थैली पुढे करून उभीच. बाबांना जेवण गोड लागेना. सारखे तिच्याकडे बघत होते.

"हात अवघडला असन वं तिचा. सकाळपासून उभी हाय. हिले बसाले काई देत नाई काय? हिचा बाप कोठी हाय?"

"बाप नाही तिला. कंपनी आहे," हे म्हणाले.

"बुटीबोरीची काय?"

झालं, बाबांच्या डोक्यात चित्र पक्कं बसलं. गावातल्या पोरी एकसारखा कोट घालून बसनं बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत जातात आणि पाळी सुटेपर्यंत मशीनसमोर उभ्या राहतात, ते त्यांनी रोज बघितलेलं. ही त्यांच्यातलीच एक झाली. मग त्यांनी बंडीतून पुरचुंडी काढली, रुपया निवडला, चांगला धोतराला पुसला आणि काचेवर, बरोबर त्या पोरीच्या तळहातावर ठेवून अंगठ्यानं दाबला.

टण्ण! थैली फुटली, नाणी पडली, पोरगी हसली.

"घेतला तिनं!" बाबांचा चेहरा असा खुलला, की मला हेवा वाटला. खरंच सांगते, हेवा. माझ्या हातावर रुपया ठेवताना ते कधी असे हसले नव्हते.

पण रुपया काचेवरून घसरायला लागला. तो धरायला बाबा गेले आणि त्यांचा अंगठा नाण्यासकट एका आकड्यावरून घसरत "सगळं लावा"वर पडला. चकरी फिरली, गोळी फिरली, आणि ज्या आकड्यावरून रुपया घसरला होता, नेमका तोच आला. टॅबलेटमध्ये फटाके फुटले. नाण्यांचा असा पाऊस पडला की पोरगी दिसेनाशी झाली.

"बापा!" बाबा पांढरेफटक पडले. "एका रुपयात पोरीचं घर धुवून नेलं म्या."

त्या दिवसापासून आमच्या घरात शुद्ध वेडेपणा सुरू झाला. बाबा तोंड धुऊन, कपाळाला गंध लावून हरायला बसत. पोरीचं पोरीला परत गेलं पाहिजे म्हणून एका आकड्यावर सगळं लावत. हरले की हुश्श करत. पण नाणी संपली रे संपली, की ती पुन्हा थैली घेऊन हजर! पुन्हा काचेवर रुपया. पुन्हा हरणं. बुटीबोरीची पाळी सुटायच्या वेळेला टॅबलेट बंद, पोट्टीची सुट्टी. मी हसावं की रडावं? माझ्या आईच्या आजारपणातसुद्धा या माणसानं "जेवलीस का" विचारलं नव्हतं, आणि या लाल कोटवालीला रोज विचारत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर पिळाला नवीन सुंभ मिळाला होता.

शेवटी प्लास्टर काढायचा दिवस उद्यावर आला. बाबांनी पिशवी भरून दिवाणाशी ठेवली होती. दुपारी पुन्हा नाणी संपली, पुन्हा थैली आली, आणि बाबा चिडले.

"जावईबापू, हे पोट्टी येडी हाय काय? मी हरून राहिलो, अन् हेच देऊन राहिली. असा धंदा असते काय कुठी?"

ह्यांनी पेपर खाली केला. "तोच तर धंदा आहे, बाबा. नाणी संपली की माणूस उठून जातो. तो उठू नये म्हणून फुकट देतात."

"म्हंजे मी उठू नाई म्हून देते?"

"हो. तुम्ही बसून राहावं, एवढंच."

बाबा त्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिले. पुरचुंडी सोडली होती, रुपया बोटांत होता, तो तसाच राहिला. आणि माझं काय झालं कोणास ठाऊक, हातातली पोळी तव्यावर, उलथनं हातात, अशी मी बाहेर आले आणि फाडफाड बोलले.

"त्या चित्राचं कळलं तुम्हाला? बरं झालं! ते चित्र कंपनीसाठी देतं. मी कोणासाठी देते? डबाभर चिल्लर झाली माझ्याकडे, एक रुपया खर्च केला नाही मी. मला तुमचा रुपया नको, बाबा. तुम्ही उठून जाऊ नये, एवढंच पाहिजे. त्या बिनबापाच्या पोट्टीचं कळते, अन् माहं काहून कळत नाही?"

आत पोळी जळली. वास बाहेर आला. बाबांनी टॅबलेट बंद केला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी आत येऊन रडले आणि दुसरी पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, डॉक्टर म्हणाले हळूहळू चालवा. घरी आलो. पिशवी दिवाणाशी होती तशीच होती. कधी निघणार, हे विचारायची हिंमत नव्हती. ताट वाढलं. वरण, भात, पोळी, मेथीची भाजी. बाबा आता पाटावर नीट बसले. हात सवयीनं बंडीकडे गेला. खिशात शिरला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठी घालून ताटाकडे बघितलं.

"वरणात मीठ हाय का नाई वं? अन् मेथी काहून एवढी कडू? तुह्या मायनं शिकवलं नाई काय तुले?"

"कडू लागते तर गूळ घ्या तोंडात!" मी ओरडले, आणि मीठ आणायला आत पळाले. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसायला नको होतं.