तुळशीरामच्या मयतीला न वाजलेलं बिगूल

मला मधमाशी चावली नव्हती. एवढं एक वाक्य बोलायला मला दहाच्या वर वर्षं लागली. बायकोजवळ बोललो नाही. देवापुढे हात जोडतानाही ते ओठांच्या आतच ठेवलं. चूक माझी आहे — हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी आणखी कोणाचं नाव घेतलं तरी तुम्ही फसणार नाही.

पण हे सरळ सांगता येत नाही. थोडं मागून येऊ द्या.

पंचेचाळीसला लढाई संपली आणि आम्ही पलटणीतून घरी आलो, तेव्हा घाटंजीच्या आसपास आमच्यासारखे बरेच जण होते. घरी होतो, पण घरात मन लागत नव्हतं. सुभेदार रामधन राठोड आमच्यात वडील, त्यांचा तांडा गावापासून कोसभरावर. त्यांनी आम्हाला गोळा केलं आणि माजी सैनिकांचं मंडळ काढलं. कापसाच्या जिनाच्या मागे टिनाची एक खोली मिळाली. कॉलऱ्याच्या साथीत आम्ही विहिरी उपसल्या, त्यात लाल औषध टाकलं. पावसात वाहून गेलेला गाडीरस्ता मुरूम टाकून पुन्हा केला. कोणा विधवेची पेन्शन अडली, की सुभेदार धोतरावर पलटणीचा कोट चढवून कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत आणि काम होईपर्यंत उठत नसत.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "इथं येतानी जात चपलेसंग बाहेर ठेवायची. जातानी पाह्यजे त घालून जा."

आम्ही हसलो होतो. मग एकाच गंजातलं वरण सगळ्यांनी खाल्लं. ते वरण तुळशीरामनं केलं होतं.

तुळशीराम गावाबाहेरच्या वस्तीतला. लढाईत तो जखमींना उचलून आणायच्या कामावर होता. उंचीनं माझ्या खांद्याला लागायचा, पण विहिरीत दोर सोडला की पहिला उतरणारा तोच. खालून शिव्या देत गाळाच्या बादल्या भरायचा. वर आला की दात काढून हसायचा.

मंडळाची एक रीत होती. आमच्यातला कोणी गेला, तर सगळ्यांनी वर्दी घालून जायचं, खांदा द्यायचा आणि शेवटी बिगुलावर सलामी वाजवायची. बिगूल सुभेदारांनी कामठीच्या एका कबाड्याकडून आणलं होतं. पलटणीत मी बिगुलर होतो, म्हणून ते माझ्या घरी राहायचं. दुसऱ्या कोणाला ते वाजवता येत नव्हतं — हे लक्षात असू द्या, कारण मलाही ते चांगलं ठाऊक होतं.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला वस्तीतले बहुतेक लोक नागपूरला जाऊन बौद्ध झाले. परत आले ते मान वर करून. मेलेली ढोरं ओढायचं त्यांनी बंद केलं. गावाला ते झोंबलं. दुकानात त्यांना सौदा मिळेना, वावरात कोणी कामाला बोलावेना. मंडळात मात्र काही बदललं नाही. तुळशीराम येत होता, मी त्याच्या मांडीला मांडी लावून जेवत होतो. टिनाच्या आत मी शूर होतो. तिथं बघायला कोण होतं?

त्या हिवाळ्यात तुळशीरामची छाती भरली. ताप उतरेना. सुभेदार आणि मी त्याला पाहायला गेलो. तो बाजेवर पडून होता, उशाशी त्याची म्हातारी आई. गिरजाबाई, म्हणजे त्याची बायको, चुलीपाशी पाणी गरम करत होत्या. श्वास लागलेला, तरी तुळशीराम मला म्हणाला, "बिगुलवाले, सूर नीट लावजो बरं. मागच्या मयतीत बकरू वरडल्यावानी वाजवलं तू."

"तू उठ त पह्यले. मंग शिकव मले," मी म्हणालो.

"मी नाही उठत आता. पन मायनं ठरवलं हाये. बिगूल वाजल्याबिगर थे मले उचलू देनार नाही."

सुभेदार हसले आणि डोळे पुसायला बाहेर गेले. तुळशीरामनं माझा हात धरला होता. मी म्हणालो, वाजवीन. तोंड भरून म्हणालो.

घरी आलो तर मोठा भाऊ ओसरीवर वाट पाहत होता. आमच्या धाकट्या बहिणीची सोयरीक राळेगावकडे जुळत आली होती. भाऊ ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "तू टिनात काय खातो, थे मले मालूम हाये. मी बोललो नाही. पन वर्दी घालून भर रस्त्यानं त्याच्या मयतीत जाशीन, त राळेगाववाले आपल्या दारात पाय ठेवनार नाही. मंग पोरीले जलमभर घरात बसव."

मी काय म्हणायला हवं होतं? तो माझा सोबती आहे, मी शब्द दिलाय — एवढंच. मला शब्द सापडले नाहीत असंही नाही. सापडले होते. मी होकाराची मान हलवली.

सुभेदारांना सांगायची हिंमत नव्हती. भावाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग कोणालाच काही सांगावं लागू नये, अशी एक वाट मला आठवली. पलटणीत ड्यूटी चुकवायला काही पोट्टे अंगाला बिब्याचं तेल लावून फोड आणायचे. अशा पोरांवर तेव्हा मीच थुंकलो होतो.

घरात बिबे होते, कोणाच्या घरात नसतात? दुसऱ्या दिवशी दुपारी बाया कापूस वेचायला गेल्यावर मी एक बिबा सुईला टोचला, चुलीच्या निखाऱ्यावर धरला. तेल सुटलं. ते मी खालच्या ओठावर लावलं.

इथं थांबलो असतो तरी कबुली झाली असती. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. मी ओठावर बिबा लावला, तेव्हा तुळशीराम जिवंत होता. मला उशीर व्हायला नको होता — बिबा उतायला वेळ लागतो. तो श्वासासाठी तडफडत होता आणि मी त्याच्या मरणाची तयारी करत होतो.

सकाळी ओठ फुगून आला, फोड आले. त्याच सकाळी सुभेदार सायकलवर आले. "तुळशीराम गेला," म्हणाले, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हातानं खूण करून, बोबडं बोलत सांगितलं, मधमाशी. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आजच चावाची होती का," एवढंच म्हणाले आणि बिगूल काखेत मारून गेले.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. म्हातारी तिरडीला धरून बसली. उन्हं कलेपर्यंत तिनं प्रेत उचलू दिलं नाही. सुभेदार तिला त्यांच्या बंजारा बोलीत याडी म्हणायचे, याडी म्हणजे आई. त्यांनी याडी, याडी करत पुष्कळ समजावलं. शेवटी स्वतःच बिगूल तोंडाला लावलं. नुसती हवा फुसफुसली. वस्तीतली पोरं हसली, आणि त्यांनी ते खाली ठेवलं. मग म्हातारीनं हात सोडला.

बहिणीचं लग्न झालं. ती सुखात आहे. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, झालं ते सांगतो.

मला वाटलं होतं, लोक विसरतील. पण सुभेदार विसरले नाहीत. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते सांगायचे — आमचा बिगुलवाला तुळशीरामच्या मयतीला वाजवू शकला नाही, म्हणून घरात रडत बसला होता. मी रडलो होतो का? डोळ्यांतून पाणी येत होतं. ते बिब्याचं होतं. पण मी कधी म्हटलं नाही की असं नाही. पासष्टच्या लढाईनंतर गावानं आमचा सत्कार केला, तेव्हा सुभेदारांनी ही गोष्ट हजार माणसांसमोर सांगितली. माझ्या गळ्यात हार होता. बायांमध्ये गिरजाबाई बसल्या होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्यासाठी.

त्यानंतरही मी वर्षभर गप्प राहिलो. हेही लिहून ठेवतो.

मग एका सकाळी गेलो. गिरजाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. म्हातारी भिंतीला टेकून उन्हात बसली होती. मी उभ्यानंच, खालच्या आवाजात सगळं सांगितलं. बिबा, भाऊ, राळेगाव, सगळं. सूप थांबलं.

"मी बुढीले इतके साल सांगून राह्यली का तुमाले बरं नोतं," त्या म्हणाल्या. "थे तुमाले शिव्या दे, अन् मी तिले गप करू."



"कोन व्हय? काय म्हन्ते थो?" म्हातारीनं विचारलं.

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माह्याजवळ काय सांगता? तिले सांगा. जोरानं सांगा, तिले ऐकू येत नाही."

मी सांगितलं. म्हातारीनं कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली, नाही, ऐकू आलं नाही. शेजारच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दोन बाया. सायकलवरून चाललेला एक जण पाय टेकून थांबला. मी म्हातारीपुढे खाली बसलो आणि छातीत होता नव्हता तो सगळा आवाज काढून ओरडलो —

"माय, तुह्या तुळशीरामच्या मयतीले मी मुद्दाम आलो नाही. मले काही चावलं नोतं. थो जित्ता होता, तवाच मी ओठाले बिबा लावला. मी गावाले भेलो. माहं चुकलं, माय."